गावाकडच्या फोनवर आपल्या कारखान्याबद्दल काय सांगितलं जातं

गेटवर 'ऑपरेटर पाहिजेत'चा बोर्ड लावला की माणसं येतात, असं मी कित्येक वर्षं समजत होते. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. धातूचे पार्ट कापणारी संगणकावर चालणारी मशीन आहेत: चार व्हीएमसी, सहा सीएनसी लेथ. सगळी मिळून ३४ माणसं. दर दोन महिन्यांनी तो बोर्ड पुन्हा बाहेर निघायचा. एकदा हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले आणि जे तीन वर्षांहून जास्त टिकले होते, त्यांच्या नावापुढे 'कुणी आणलं' ते लिहीत गेले. भाऊ, मेहुणा, गावातला वर्गमित्र. बोर्ड वाचून आलेले त्यात दोघंच होते.

म्हणजे आपली खरी जाहिरात सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत होते. पोरगा उदगीरला नाहीतर माजलगावला फोन लावतो, आई विचारते, "कसं हाय तिथं?" त्यावर तो जे सांगेल त्यावर त्याचा चुलतभाऊ पुण्याची गाडी धरायची की नाही ते ठरवतो. तुमचं वर्कशॉप लहान असेल, तर त्या फोनवर सांगण्यासारखं काहीतरी त्याच्या हातात द्या. मी काय काय केलं ते सांगते.

सुरुवात पगाराच्या आकड्यापासून करा. 'पगार आकर्षक', '१५ ते २५ हजार' असं लिहू नका. मी लिहायचे. २५ ऐकून आलेल्या एका पोराच्या हातात पहिल्या महिन्याला पंधरा हजार आठशे पडले. तो गेलाच, त्याच्या गावाहून पुन्हा कुणी आलं नाही. चूक माझी होती. आता मी हातात पडणारी रक्कम लिहिते आणि मुलाखतीच्या वेळी कागदावर हिशेब मांडून दाखवते. समजा एकूण पगार १८,००० आहे, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडे भत्ता ३,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,८००, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ०.७५ टक्क्यांनी १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,८६५. महिला कामगाराला २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तिच्या हातात २०० जास्त.

माझी आताची जाहिरात अशी असते: 'व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे. आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नर. हातात १५,८६५. पीएफ, ईएसआयसी आहे. ओटी दुप्पट दराने. पगार ७ तारखेला. सुट्टी गुरुवारी. महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी, उन्हाळ्यात शॉपमध्ये गरम होतं.' शेवटचं वाक्य काढून टाक असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी ठेवलंय. मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहिल्यावर ते कळणारच आहे, आधी कळलेलं बरं.

पीएफवर थोडं जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त संशय तिथेच असतो. आधीच्या ठिकाणी ठेकेदाराने कापून घेतलेले पैसे खात्यात कधी पोचलेच नाहीत, असा अनुभव घेऊन अनेक जण येतात. 'आम्ही पीएफ भरतो' या वाक्यावर ते विश्वास ठेवत नाहीत, आणि का ठेवावा? मालकाला मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. त्यानंतर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जेवणाच्या टेबलावर एक तास बसतो. नव्या पोराच्या मोबाइलवर यूएएन, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ नंबर, चालू करून पासबुक उघडून द्यायचं. तिथे हमखास एक प्रश्न येतो: "ताई, तुमचे पण १,८०० म्हणालात, मग माझ्या खात्यात ५५०च का?" उत्तर नीट द्या. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे या पगारावर १,२५०, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. त्याचे १,८०० आणि हे ५५० मिळून २,३५० दर महिन्याला साठतात. हा आकडा स्क्रीनवर पाहिलेला पोरगा त्याच रात्री घरी सांगतो. आमच्याकडे धाराशिवकडून जे पाच जण आले, ते या एका तासामुळे आले असं मी मानते.

ईएसआयसी कार्डाचंही तसंच. पगार २१,०००च्या आत असेल तर आई-वडील अवलंबून असल्यास त्यांनाही उपचार मिळतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. कार्डावर कुटुंबाची नावं चढवायला आमचा सुपरवायझर बसून मदत करतो.

सुट्ट्यांकडे मात्र मी फार उशिरा लक्ष दिलं. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पोरं न सांगता गायब व्हायची, मी चिडायचे, पगार कापायचे, आणि त्यातले काही परतच यायचे नाहीत. आता जानेवारीत भिंतीवर मोठं कॅलेंडर लावते आणि प्रत्येकाने आपल्या गावची जत्रा, आषाढी वारी, पेरणीचे दिवस, बिहारच्या पोरांनी छठ, असं आपापल्या हाताने लिहायचं. एका मशीनवरचे दोघं एकाच वेळी जाणार असतील तर ते महिनाभर आधी दिसतं, डिस्पॅच पुढेमागे करता येतो. तीन दिवस पगारी, पुढचे बिनपगारी. न सांगता जाणं जवळपास थांबलं.

खंडेनवमीला मशीनची पूजा सगळेच करतात. आम्ही त्या दिवशी आई-वडिलांना बोलावतो, लांबून येणाऱ्यांचं एसटीचं भाडं देतो. ज्याचं मशीन त्याने पूजा करायची, आणि त्याच्या घरच्यांसमोर आम्ही सांगायचं की हा कोणता जॉब करतो आणि तो पार्ट कुठल्या गाडीत बसतो. ज्यांना चालत असेल त्यांचे मशीनशेजारी आई-वडिलांसोबत फोटो काढून त्यांनाच पाठवायचे. ते स्टेटसला लागतात. पोराने स्वतः लावलेल्या त्या फोटोचा जो उपयोग झाला, तो पैसे देऊन छापलेल्या पत्रकांचा कधी झाला नाही.

मुली हव्या असतील तर जाहिरातीआधी स्वच्छतागृह बघा. पाणी, कडी, दिवा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्याने लागतेच. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर दिसतील असे लावा. आमच्याकडे तीन मुली व्हीएमसी चालवतात आणि पहिलीने कामाला होकार देण्याआधी हेच बघितलं होतं.

आयटीआयमधून ॲप्रेंटिस घेत असाल तर त्याला झाडू मारायला लावू नका. पहिल्या महिन्यात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची साधनं हातात द्या, तिसऱ्यात सेटरच्या, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याच्या, शेजारी उभा करा. त्याचे शिक्षक पुढच्या बॅचला काय सांगतात ते यावरच ठरतं.

आणि जाणाऱ्याकडे लक्ष द्या. चाकणच्या मोठ्या कंपनीत चार हजार जास्त मिळत असतील तर तो जाईल, जायलाच हवं. नव्या वेतन संहितेप्रमाणे हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. द्या. पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख टाका, नाहीतर त्याचे पैसे अडकतात. अनुभवाचं पत्र छापून हातात ठेवा. मग चहा पाजून एकच विचारा: "तुझ्या भावाला इथे पाठवशील का?" 'नाही' म्हणाला तर वाद घालू नका, कारण लिहून घ्या.

गेल्या दिवाळीनंतर गेलेल्या एका सेटरने मान हलवून 'नाही' म्हटलं. म्हणाला, "ताई, रात्रपाळीला चहा मिळत नाही. दहाला कँटीन बंद. अडीच वाजता डोळे मिटतात आणि समोर स्पिंडल फिरत असतो." नऊ वर्षं तो आमच्याकडे होता, मी एकदाही रात्री अडीचला शॉपमध्ये गेले नव्हते. पुढच्या सोमवारपासून रात्रीचा चहा सुरू केला, आणि त्याला फोन करून ते सांगितलं.