उडीद, मूग, मटकी घेऊन नैसर्गिक निवड कशी पाहावी

नैसर्गिक निवडीला तीन गोष्टी लागतात: एकाच जातीच्या जिवांत फरक असावा, तो पुढच्या पिढीत उतरावा, आणि त्यामुळे कुणाची संतती जास्त, कुणाची कमी उरावी. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांची ही कल्पना 1858 साली लोकांपुढे आली. घरातल्या कडधान्यांवर ती तासाभरात पाहता येते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराने तर ती जरूर पाहावी.

अख्खे काळे उडीद, मूग आणि मटकी यांचे प्रत्येकी 20 दाणे मोजून घ्या, शिवाय प्रत्येकी दोन मुठी वेगळे ठेवा. चवळी किंवा हरभरा नको. मोठा दाणा रंगाऐवजी आकारामुळे उचलला जातो आणि नेमकी कशाची निवड झाली हेच कळत नाही. शेतातली कोरडी काळी माती बारीक चाळणीने चाळा आणि दोन फूट लांब-रुंद कागदावर पातळ पसरा. ढेकळं राहिली तर त्यांच्याआड कुठलाही दाणा लपतो.

दाणे टाकताना वेचणाऱ्याने पाठ फिरवावी. मग पहिला नजरेस पडेल तो दाणा चिमटीने उचलायचा, एका वेळी एकच. 30 झाले की थांबायचं. फार निरखत बसलं तर काळ्यावरचा काळाही दिसू लागतो. उरलेले दाणे मातीत शोधू नका, उचललेले मोजून वजाबाकी करा. समजा उडीद 4, मटकी 10 आणि मूग 16 उचलले गेले. म्हणजे मातीत अनुक्रमे 16, 10 आणि 4 उरले. प्रत्येक उरलेल्या दाण्याला वेगळ्या ठेवलेल्या मुठींतून त्याच रंगाचं एक पिल्लू द्या: 32, 20, 8. पुन्हा 60 झाले. माती हलक्या हाताने कालवा आणि अशा चार फेऱ्या करा. आकडे प्रत्येक घरी वेगळे येतील, पण बहुधा उडीद वाढत जाईल.

इथे एक गोष्ट नीट पाहा: एकही मूग काळा झालेला नाही. दाणे होते तसेच आहेत, बदललं ते त्यांचं प्रमाण. ‘जीव गरजेप्रमाणे स्वतःला बदलतो’ हा सर्वांत चिवट गैरसमज इथेच सुटतो.

हाच खेळ डोळे मिटून, चाचपून वेचत करा. प्रमाण तेव्हाही हलतं, पण त्याला ठरलेली दिशा नसते, तो योगायोग. शेवटी 60च्या 60 मूगच घेऊन पाहा. कितीही फेऱ्या केल्या तरी काहीच बदलत नाही, कारण निवडायला फरकच नाही.

थॉमसन या द्राक्षवाणाची बाग जवळजवळ अशीच असते. सगळ्या वेली कलमाच्या, आनुवंशिकदृष्ट्या सारख्या. डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावर केवडा रोग आणणाऱ्या सूक्ष्मजीवाचं, तसं नाही. अनुकूल हवेत तिची नवी पिढी साधारण आठवडाभरात तयार होते, आणि असंख्य बीजाणूंत एखाद्याच्या जनुकात चुकून एका अक्षराचा फरक पडलेला असतो. सायटोक्रोम-बी या प्रथिनात 143व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन आलं की अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिनसारखी औषधं तिथे चिकटत नाहीत. फवारा हा फरक घडवत नाही, तो बाकीच्यांना वेचतो. पुढची पिढी मग उरलेल्यांचीच.

म्हणून तेच औषध लागोपाठ मारू नका, आणि औषध बदलताना डब्यावरचं नाव पाहून थांबू नका. घटक कुठल्या गटातला आहे ते विचारा; मारा कुठे होतो त्यावरून गट ठरतो. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन आणि फेनामिडोन ही नावं वेगळी, पण दोन्ही गट 11 मधली, एकाच जागी मारा करणारी. एकाला दाद न देणारी डाऊनी सहसा दुसऱ्यालाही देत नाही.