फोटो चोरीला गेलाय? भांडायच्या आधी हे करा

केस कापायला माझा नंबर लागायचा होता, म्हणून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो होतो. ऑगस्टच्या पानावर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा होता, कड्याच्या काठावर टेकलेले ढग. दोन मिनिटांनी डोक्यात उजेड पडला, हा फोटो माझाच! खाली एका पतसंस्थेचं नाव, अध्यक्षांचे जोडलेले हात आणि कोपऱ्यात मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’.

मी तिथूनच कॅलेंडरवरचा नंबर फिरवला आणि तोंड सोडलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या फेसबुक पेजवरून फोटो गेला, वेबसाइटवरचं कॅलेंडरही गेलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर थंड आवाजात प्रश्न आला, “कुठला फोटो म्हणताय?” माझ्याकडे साधा स्क्रीनशॉटही नव्हता.

त्यानंतर आठ-दहा वेळा या वाटेनं गेलो आहे. मी वकील नाही. पण वकिलाकडे जाताना पिशवीत काय असावं लागतं, ते आता पाठ झालंय.

आधी भाकडकथा बाजूला ठेवा

‘स्वतःच्याच पत्त्यावर फोटो टपालानं पाठवा आणि पाकीट न फोडता ठेवा’ हा सल्ला मला किमान चार जणांनी दिलाय. उघडं पाकीट पाठवून नंतर हवं ते भरून चिकटवता येतं, हे न्यायाधीशांनाही कळतं. ‘वीस टक्के बदल केला की चालतं’ असंही छातीठोकपणे सांगतात. असा कुठलाही टक्का १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ‘खाली नाव दिलं की झालं’ म्हणणाऱ्यांना विचारा, शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर त्याचं नाव चिकटवलं, तर चालेल का?

आणि नोंदणी. ‘रजिस्ट्रेशन नाही म्हणजे हक्क नाही’ हे साफ चूक आहे. फोटो काढला की हक्क आपोआप निर्माण होतो. दावा लावायला नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. नोंदणीचा फायदा एवढाच की नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. विकले जाणारे फोटो नोंदवा. सगळा सह्याद्री नोंदवत बसू नका.

हक्क तुमचाच आहे ना, ते बघा

हे न बघता नोटीस पाठवणारे तोंडावर आपटतात. कायद्याच्या कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी फोटो काढून घेणाऱ्याची. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरचे फोटो मंगल कार्यालयवाल्यानं जाहिरातीत वापरले, तर त्याच्याशी भांडायचा हक्क नवरा-नवरीचा, तुमचा नाही. पगारी नोकरीत काम म्हणून काढलेल्या फोटोंचीही तीच गत. समीक्षेत, ताज्या बातमीत किंवा वर्गात शिकवताना वापरला असेल, तर कलम ५२ वाचा आणि बहुतेक वेळा सोडून द्या.

पुरावा

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. पुरावा हातात येईपर्यंत चोराला काही कळता कामा नये. कमेंट नको, टॅग नको, ‘बघा मित्रांनो, कशी चोरी होते’ अशी पोस्ट तर मुळीच नको. तुमचे मित्र तिथे जाऊन शिव्या घालतात, समोरचा दहा मिनिटांत पोस्ट उडवतो आणि तुमच्याकडे शंभर लाइक्स उरतात.

मोबाइलवरचा स्क्रीनशॉट काही नसण्यापेक्षा बरा, एवढंच. त्यात पूर्ण पत्ता दिसत नाही आणि तारीख ‘३ दिवसांपूर्वी’ अशी येते. कॉम्प्युटरवर बसा, स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, रिकाम्या ब्राउझरपासून सुरुवात करून पत्ता स्वतः टाइप करा. पान वरपासून खालपर्यंत हळू सरकवा. कोपऱ्यातलं घड्याळ आणि तारीख दिसत राहू द्या. मग त्यांचं ‘आमच्याविषयी’चं पान, पत्ता, फोन नंबर, सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. शेवटी पानाची एक प्रत वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबसाइटवर, जतन करा. ती तिसऱ्याच्या ताब्यात राहते, तुम्ही नंतर काही घुसडलं असं कोणाला म्हणता येत नाही. सगळी पानं तिथे जतन होत नाहीत, पण प्रयत्न फुकट आहे.

छापील वस्तू असेल तर ती मिळवा. विकत मिळत असेल तर दोन नग घ्या आणि पक्कं बिल मागा. फ्लेक्स असेल तर नुसत्या फ्लेक्सचा फोटो नको. मागचं दुकान, चौकाची पाटी यांच्यासकट हवा. आणि जवळ जाऊन खालचा कोपरा टिपा, बऱ्याच फ्लेक्सवर छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. कॅलेंडरच्या प्रकरणात मी चार दिवसांनी शहाणा होऊन सलूनमध्ये गेलो आणि ते मागितलं. “वर्ष संपू द्या साहेब,” सलूनवाला म्हणाला, “गिऱ्हाईक येता-जाता चतुर्थी कधी, एकादशी कधी विचारतं.” ते भिंतीवरच राहिलं.

आता तुमच्या बाजूचा पुरावा. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल, जपा, जमल्यास मेमरी कार्डासकट. माझ्या कोकणकड्याच्या मूळ फ्रेममध्ये डाव्या कोपऱ्यात मित्राची लाल सॅक आहे. इंटरनेटवर टाकताना मी ती कापली होती. छापणाऱ्याकडे होता तो कापलेला फोटो, सॅक माझ्याकडे. शिवाय आधीच्या आणि नंतरच्या सात-आठ फ्रेम्स माझ्याकडे आहेत, त्यात ढग थोडे थोडे सरकताना दिसतात. एवढं दाखवलं की ‘आम्हीच काढला’ म्हणणाऱ्याचा आवाज बसतो. पण फाइल वकिलाला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ती दाबली जाते, आतली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. पेनड्राइव्ह न्या.

एवढं सगळं जमवूनही मी एकदा आपटलो आहे, तो प्रमाणपत्रावर. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात नुसता दाखवून चालत नाही, तो कुठल्या उपकरणातून आणि कसा आला हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्यासाठी पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. हे किती गंभीरपणे घेतलं जातं ते बघायचं तर जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवा. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हा प्रश्न निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत गेला. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरणच हजर करणार नसाल, तर प्रमाणपत्र हवंच. आता त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी ती पूर्ण बदलते. मी एका प्रकरणात रेकॉर्डिंग झकास केलं, हॅश काढून वहीत लिहिली, वकिलांना दिली. मग लक्षात आलं की सुरुवातीच्या आठ सेकंदांत माझ्या बँकेचं पान दिसतंय. लाज वाटली, म्हणून तेवढा तुकडा कापला आणि त्याच नावानं फाइल जतन केली. प्रमाणपत्राच्या वेळी ठसा जुळेना. मूळ फाइल मीच माझ्या हातानं पुसली होती आणि तोवर समोरच्यानं पान काढून टाकलं होतं. वकीलसाहेब काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

म्हणून, रेकॉर्डिंगच्या आधी इतर सगळे टॅब बंद करा. रेकॉर्डिंग झाल्याबरोबर हॅश काढा, स्वतःला ईमेल करा. मूळ फाइल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवून त्या ड्राइव्हला हात लावू नका. कापायचं, उजळायचं, बाण काढायचे ते सगळं प्रतीवर.

मग हटवायला लावा

मोठ्या प्लॅटफॉर्मचे तक्रारीचे फॉर्म सोपे आहेत, भरा. भारतीय वेबसाइटच्या होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर ती वेबसाइट ठेवलेली असते त्याला, कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ खाली लेखी तक्रार करता येते, त्यानं ३६ तासांत पाऊल उचलायचं असतं. पण ही बंदी २१ दिवसांचीच. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाहीत, तर मजकूर पुन्हा झळकू शकतो. आणि तक्रारीतच ‘मी दावा लावीन’ अशी हमी द्यावी लागते. नुसतं भीती दाखवायला हा रस्ता धरू नका.

नोटीस

वकिलाच्या लेटरहेडवर, स्पीड पोस्टानं, ईमेलनंही. मजकूर दोन पानांच्या आत ठेवायला सांगा. फोटो कोणता, कुठे वापरला, वापर थांबवा, किती प्रती छापल्या त्याचं छपाईचं बिल दाखवा, इतके पैसे इतक्या दिवसांत द्या.

आकड्यावरून मी वकिलांशीही वाद घातलाय. पन्नास लाख मागितले की समोरचा हसतो आणि कागद बाजूला ठेवतो. तुम्ही असा फोटो कॅलेंडरला किती रुपयांना देता? त्याची जुनी बिलं जोडा, वर परवानगी न घेतल्याची भर घाला आणि तेवढंच मागा. ज्याच्यामागे बिल आहे तो आकडा लोक देतात. हक्क नसताना धमकीवजा नोटीस पाठवलीत, तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर ठरलेलं असतं : ‘आमच्या डिझायनरनं गूगलवरून घेतला, आम्हाला कल्पना नव्हती.’ कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे त्यांनी सिद्ध केलं तर कलम ५५ खाली तुम्हाला मनाई हुकूम आणि त्यांच्या नफ्यातला कोर्टाला योग्य वाटेल तो वाटा मिळतो, वेगळी नुकसानभरपाई नाही. पण नोटीस मिळाल्यानंतरही वापर चालू ठेवला, तर ही पळवाट बंद. म्हणून पोहोच जपून ठेवा.

कोर्ट आणि पोलीस

दावा जिल्हा न्यायालयात, तालुक्याला नाही. कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात लावता येतो, समोरचा दिल्लीत बसला असला तरी. मुदत तीन वर्षं. मागणी तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयाकडे जातं आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. मध्यस्थीला नाक मुरडू नका, माझी दोन प्रकरणं तिथेच मिटली.

पोलिसांकडे जाता येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. तरी एका फोटोसाठी ठाण्याची पायरी चढू नका, असं माझं मत. जो माणूस तुमचे शंभर फोटो पोस्टर करून विकतोय, त्याच्यासाठी तो रस्ता ठेवा.

तडजोड झाली तर कागदावर घ्या. रक्कम, उरलेल्या प्रतींचं काय करणार, पुढे वापर नाही, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच तुमची सही. सलूनवाल्यानं ३१ डिसेंबरला संध्याकाळी ते कॅलेंडर गुंडाळून माझ्या हातात दिलं, वरच्या पत्र्याच्या पट्टीसकट. ऑगस्टच्या पानावर १५ तारखेच्या चौकोनात त्यानं गॅस सिलिंडर आल्याची खूण केली होती. मार्चमध्ये नोटीस गेली, सोबत त्या पानाचा आणि लाल सॅकचा फोटो. पतसंस्थेनं जूनमध्ये माझ्या दराच्या दुप्पट रकमेचा चेक दिला. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांनी गणपती छापला होता.