सांदवाडीतला (परसबागेतला) हिवाळी भाजीपाला: काळ्या मातीत काय, केव्हा, कसं

दसरा झाला की मेथी टाकायची घाई होते. विदर्भाच्या काळ्या जमिनीत ही घाई दोनदा नडते, माती अजून ओली असते आणि ऑक्टोबरचं ऊन अजून ओसरलेलं नसतं. म्हणून तारीख पाहू नका, वापसा पाहा, म्हणजे माती खणण्याजोगी सुकली का ते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. गोळा फुटला तर खणायला घ्या. तसाच राहिला तर आणखी दोन-चार दिवस थांबा. चिखलात खणलेली काळी माती वाळून दगडासारखी ढेकळं होतात. मग मोसमभर ती फुटत नाहीत.

वाफा चार फूट रुंद, दहा फूट लांब आणि सहा इंच उंच करा. चार फुटांमुळे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. उंची पाण्याच्या निचऱ्यासाठी. या मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पिवळं पडतं. एका वाफ्याला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी ढेप पुरते. अर्धकच्चं शेण घातलं तर हुमणी, उधई आणि तणाचं बी सोबत येतं.

चुलीची राख मात्र टोपल्यानं ओतू नका. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, सामू (पीएच) बहुतेक ७.५ ते ८.५. राखेनं तो आणखी वाढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं, आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा लोक युरिया टाकतात. या पिवळेपणावर त्याचा उपयोग नाही.

मुळा, पालक आणि मेथी ऑक्टोबरमध्ये चालतात. सांबार (कोथिंबीर), गाजर आणि वाटाणा रात्री गार व्हायला लागल्यावरच, म्हणजे दिवाळीच्या आसपास. मेथी एकदम सगळी टाकू नका. दर दहा-बारा दिवसांनी वाफ्याचा एकेक तुकडा पेरा. जुडी २५-३० दिवसांत निघते. मुळा ४०-४५ दिवसांत काढाच, ठेवला की पोचट होतो.

सांबार उगवत नाही ही तक्रार दरवर्षीची, आणि दोष बहुतेक वेळा बियाण्याचा नसतो. धना म्हणजे दोन बिया चिकटलेलं एक फळ. तो चपलेखाली किंवा पाट्यावर हलकेच रगडून दोन फाका करा (पीठ होऊ देऊ नका), रात्रभर भिजवा आणि अर्धा इंच खोल पेरा. वरून माती न ओढता चाळलेलं खत आणि रेती समभाग पसरवा, कारण काळ्या मातीची खपली धरली की कोंब वर येत नाही. पाणी झारीनं द्या, पाइपानं नको. उगवायला १० ते १५ दिवस लागतात. आठव्या दिवशी वाफा उकरून पाहणारे स्वतःच कोंब मोडतात. गाजराचंही तसंच, फक्त बी भिजवायची गरज नाही. गाजराच्या वाफ्यात ढेकूळ किंवा ताजं शेण असेल तर मूळ दुभंगतं.

फुलकोबीला सगळ्यात जास्त लक्ष लागतं. आधी जात बघा. लवकर येणारी जात थंडीत लावली तर सुपारीएवढाच गड्डा धरते. थंडीसाठी स्नोबॉल गटातली जात घ्या, रोपवाटिका ऑक्टोबरमध्ये टाका. रोप ४-५ आठवड्यांचं, चार-पाच पानांचं असतानाच लावा. जाड दांड्याचं, वय झालेलं रोप स्वस्त मिळालं तरी नको, त्याचाही गड्डा लहानच राहतो. अंतर दीड फूट, लावणी संध्याकाळी. बोरॉन कमी पडलं की गड्डा तपकिरी होतो आणि दांडा पोकळ निघतो. त्यासाठी लावणीआधी एका वाफ्याला ५ ग्रॅम बोरॅक्स शेणखतात मिसळून एकदाच द्या. जास्त दिलं तर अपाय होतो. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर बांधा, पांढरा राहतो.

कोबीच्या कडेनं दहा-पंधरा दिवस आधी मोहरीची ओळ पेरा. पानं चाळणीसारखी करणारा पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो. अळी दिसली की निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून पिळा, पाणी घालून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळीच फवारा. ढगाळ हवेत मावा येतो, तेव्हा पानाची खालची बाजू रोज पाहा. कपाशीचं औषध भाजीवर कधीही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले. पालक तर आज फवारून उद्या आपणच खातो. तणनाशक मारलेला पंपही वाडीत आणू नका. तळाशी उरलेलं थोडंसं औषध कोवळी रोपं जाळायला पुरतं.

वाटाणा ओल्यात पेरा आणि उगवेपर्यंत पाणी देऊ नका, बी सडतं. अर्केल जात बुटकी आहे, दोन-अडीच फुटांच्या तुराट्यांचा आधार पुरतो. लसणाच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या टोक वर करून वाफ्याच्या कडेला चार इंचांवर खोचा.

पाणी देण्याआधी बोट दोन इंच खुपसून पाहा. ओल लागली तर थांबा. भेगा दिसेपर्यंतही थांबू नका, भेग पडताना बारीक मुळं तुटतात. याच सुमारास सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरात असतं. ते ओळींमध्ये दोन इंच पसरा, दांड्याला न टेकवता. पाण्याची पाळी लांबते आणि निंदणही कमी होतं.

फेब्रुवारीत ऊन चढलं की मेथी आणि सांबार फुलावर येतात. एक कोपरा तसाच सोडा. दाणे झाडावरच वाळू द्या आणि कोरड्या डब्यात भरून ठेवा. संकरित कोबीचं बी मात्र राखू नका, पुढच्या पिढीत गड्डे एकसारखे येत नाहीत.