गड्ड्याच्या यात्रेचे वृत्तचित्र लाकडावर कसे कोरावे

छायाचित्र काढता येत होते, परंतु खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) जुळवलेल्या मजकुरासोबत ते छापता येत नव्हते, त्या काळात ‘फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर’ (१८५५) आणि ‘हार्पर्स वीकली’ (१८५७) ही अमेरिकी साप्ताहिके बातम्यांची चित्रे लाकडावर कोरून छापत असत. ती पद्धत सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या यात्रेच्या, चित्रासाठी तीन-चार जणांच्या गटाला आजही वापरता येईल. माझ्या मते तिचे खरे बळ हातातील कसबापेक्षा कामाच्या क्रमात आहे.

प्रथम अक्षता सोहळ्याच्या (यात्रेतील प्रतीकात्मक विवाहाच्या) दिवशी, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ उभे राहून झटपट रेखाटन करावे. सात नंदीध्वजांच्या (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांच्या) जागा आणि उंची अचूक घ्यावी, बाराबंदी (बंदांचा पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेला एकच माणूस नीट काढावा आणि बाकीच्यांच्या जागी खुणा करून शेजारी शब्दांत नोंदी लिहाव्यात. अमेरिकेतील यादवी युद्धात आल्फ्रेड वॉड यांच्यासारखे चित्रकार रणांगणावर असेच काम करीत.

लाकूड बारीक पोताचे हवे आणि ते आडवे कापलेले हवे, म्हणजे कोरायच्या पृष्ठभागावर तंतूंची टोके येतील. उभ्या तंतूंच्या फळीवर इतकी बारीक रेघ टिकत नाही. अमेरिकेत त्यासाठी बॉक्सवुड नावाच्या झाडाचे कठीण लाकूड वापरत. त्या झाडाचे खोड बारीक असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून स्क्रूंनी आवळून एक ठोकळा केला जाई. आपल्याला हेदूच्या लाकडाचे चार तुकडे पुरतील. मात्र ठसा (कोरलेला ठोकळा) खिळ्यांसोबत छापायचा असेल, तर त्याची उंची खिळ्याइतकीच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर असावी.

ठोकळ्याला पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन चित्र उलटे उतरवावे, अन्यथा छपाईत डावे-उजवे बदलेल. सांधे कोठे येतील हे याच वेळी ठरवावे. जुन्या अंकांत आकाशातून जाणारी सरळ पांढरी रेघ दिसते, ती सांध्याचीच असते. म्हणून उभा सांधा नंदीध्वजाच्या कडेला लागून ठेवावा, आडवा सांधा गर्दीच्या काळोख्या भागात न्यावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तुकडे सुटे करण्यापूर्वी सांध्यावरून जाणाऱ्या सर्व रेघा एकाच व्यक्तीने कोराव्यात, कारण दोन हातांची रेघ सांध्यावर जुळत नाही. मगच तुकडे वाटावेत: चेहरे कुशल हाताकडे, आकाश आणि जमीन नवख्यांकडे. साप्ताहिकांतही अशीच विभागणी असे आणि त्यामुळेच मोठे चित्र वेळेत तयार होई.

सोनार नक्षीसाठी वापरतात तशी बारीक टोकाची कोरणी घ्यावी. ठोकळा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवावा आणि वळणदार रेघेसाठी हाताऐवजी ठोकळाच फिरवावा. कोरलेला भाग पांढरा उमटतो, शिल्लक राहिलेला शाई घेतो. त्यामुळे पांढऱ्या बाराबंद्या मोकळ्या कोरून त्यांच्यामागची गर्दी दाट रेघांत ठेवली की माणसे आपोआप पुढे येतात. अधिक कोरलेले भरून काढता येत नाही, म्हणून हात राखून कोरावे.

तुकडे पुन्हा आवळल्यावर रूळाने शाईचा पातळ थर द्यावा, वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावे आणि पहिला छाप तपासावा. मोठ्या खपाची साप्ताहिके ठशाच्या धातूच्या प्रतिकृती करून छापत. आपल्या थोड्या प्रतींसाठी मूळ ठसा पुरेसा आहे. चित्राखाली रेखाटणाऱ्याचे व कोरणाऱ्यांचे नाव द्यावे आणि चित्र प्रत्यक्ष रेखाटनावरून केले की छायाचित्रावरून, हेही स्पष्ट लिहावे.