पेनिसिलिन कॉकटेल घरी जमत नाही? या चुका टाळा

साताऱ्यात राहून पेनिसिलिन बिघडावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. औषध नव्हे, कॉकटेल. सॅम रॉस या बारटेंडरने 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ बारमध्ये ते बसवलं: स्कॉच, लिंबू, मध, आलं आणि वरून थोडी धुरकट व्हिस्की. आलं आपल्या कोरेगावच्या रानात पिकतं, मध महाबळेश्वरहून येतो. तरी ग्लास बेचव झाला की दोष व्हिस्कीला देतात आणि पुढच्या वेळी महाग बाटली आणतात. गडबड बहुतेक वेळा आल्यात किंवा मधात असते.

आल्याचे तुकडे पाकात उकळणं ही सगळ्यात मोठी चूक. झणका जातो, चहाची चव उरते. मंडईतून जुनं आलं घ्या. नवं रसाळ असतं, पण तिखटाला कमी. किसून फडक्यातून पिळा आणि रस अर्धा तास न हलवता ठेवा. तळाला पांढरं सत्त्व बसतं. ते मागे ठेवून वरचा रस हलकेच ओतून घ्या, नाहीतर पेय पिठूळ लागतं, आणि रस तापवलात तर त्याची खळ होते. रसाच्या वजनाइतकी साखर घाला आणि गॅस न लावता विरघळवा.

मध थेट शेकरमध्ये घातला की बर्फाला लागून त्याचा गोळा होतो. पेय आंबट, गोडवा सगळा तळाला! तीन भाग मधात एक भाग कोमट पाणी मिसळा. जांभळाचा मध मला फार आवडतो, पण त्याचा कडवटपणा धुरात मिसळला की पेय जड होतं. इथे सौम्य मध बरा.

माप असं: साधी ब्लेंडेड स्कॉच 60 मिली, आल्याचा आणि मधाचा पाक प्रत्येकी 11 मिली, लिंबू 22 मिली. मूळ कृतीतलं लिंबू मोठं, पिवळं असतं. आपलं कागदी लिंबू त्याहून तीव्र, म्हणून 18 पासून सुरुवात करा. रस आयत्या वेळी काढा, आणि साल कडू उतरेल इतकं दाबून पिळू नका.

दहा-बारा सेकंद शेक पुरे. घरचा बारीक बर्फ लगेच विरघळतो, त्यामुळे ग्लाससाठी वाटीत एक मोठा खडा आदल्या रात्रीच लावून ठेवा.

आता धूर. तो पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीतून येतो. स्कॉटलंडच्या आयला बेटाची धुरकट व्हिस्की परवडत नसेल तर बंगळुरूची अमृत पीटेड चालते. मात्र ती शेकरमध्ये घालू नका. चमच्याच्या पाठीवरून 7 मिली, म्हणजे चहाचा दीड चमचा, अलगद वर सोडा. पाकाच्या पेयापेक्षा हलकी असल्याने ती वरच राहते, आणि ग्लास ओठाला लावताना आधी वास नाकात जातो. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. म्हणून स्ट्रॉ देऊ नका, ढवळूही नका.

आल्याचा पाक फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत मंद होतो, तेव्हा थोडाच करा. उरला तर न पिणाऱ्या पाहुण्यांना लिंबू-सोड्यात घालून द्या.