जुन्या टीव्हीच्या पेटीवरचे पॉलिश पांढुरके पडून तडकले होते, ते असे सावरले

वरच्या फळीवर दुधट डाग, बारीक तडे. व्हीनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) मात्र शाबूत. फर्निचर पॉलिशची चकाकी टिकेना. जवसाच्या तेलाने तडे उलट काळवंडले. वैताग! पॉलिश पेपर मारायचा मोह टाळा, व्हीनिअर फार पातळ असते.

पेटी जाणकाराकडून रिकामी करून घेतली. बंद सेटच्या पिक्चर ट्यूबमध्येही धोकादायक विद्युतभार उरू शकतो. मग मागच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब टाकला. पॉलिश चिकट झाले असते तर ते लाखेचे. तसे झाले नाही, पण लॅकर थिनरने विरघळले, म्हणजे लॅकर. दोन्हींनी काहीच झाले नाही तर पुढची पद्धत सोडा.

टर्पेंटाइनने जुने मेण पुसून फळी वाळवली आणि आडवी ठेवली. मऊ, रुंद ब्रश थिनरमध्ये बुडवून निथळला आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदाच फिरवला. ओल्या जागी परत फिरवू नका, पॉलिश ओढले जाते. पूर्ण वाळल्यावर पुढचा हात, तडे मिटेपर्यंत. काम उघड्या हवेत, ज्योतीपासून लांब. आठवडाभराने ०००० नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने (पोलादी तारांच्या लोकरीने) मेण हलकेच चोळले. काळवंडलेल्या रेषा थोड्या उरल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या.