बाझेलला नवीन येणाऱ्यांसाठी: विमानतळाचे दोन दरवाजे

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नोकरी पक्की झाली की सगळे घर, शाळा आणि इन्शुरन्सबद्दल विचारतात. विमानतळाबद्दल कुणी विचारत नाही. विमानतळात काय विचारायचं, असं वाटत असावं. पण दर वर्षी नवी मंडळी इथे त्याच दोन-तीन ठिकाणी अडकताना बघते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

युरोएअरपोर्ट बाझेलचा असला तरी उभा आहे पूर्णपणे फ्रान्सच्या जमिनीवर, सेंट लुईजवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर बाझेलला विमानतळ हवा होता आणि शहराकडे जागा नव्हती. फ्रान्सने जमीन दिली, बांधायचा खर्च स्विस बाजूने उचलला, आणि ८ मे १९४६ ला विमानतळ सुरूही झाला. दोन देशांमधला करार मात्र १९४९ चा. अजूनही त्याच करारावर सगळं चालतं. म्हणून तिकीट काढताना एकाच विमानतळाचे तीन कोड दिसतात: बीएसएल, एमएलएच आणि ईएपी. बाझेल दाखवलं काय किंवा मुलूझ हे शेजारचं फ्रेंच शहर दाखवलं काय, उतरणार तुम्ही त्याच धावपट्टीवर. बुकिंगच्या साइटवर तिन्ही कोड टाकून बघा, कधीकधी एकाखाली न दिसणारं विमान दुसऱ्याखाली दिसतं.

आता मुद्द्याचं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट सहसा न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही. म्हणजे इथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये तुमचा पासपोर्ट सहसा अडत नाही, अडते ती बॅग. नाहीतर अडते गाडी. इतकं डोक्यात बसलं की या इमारतीतल्या विचित्र वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी सरळ होतात. सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा आहेत, एक स्वित्झर्लंडकडे, दुसरी फ्रान्स आणि जर्मनीकडे. पाटी वाचा. लांबच्या प्रवासाने आंबलेली माणसं पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतात आणि फ्रेंच बाजूला बाहेर पडतात. तसं झालं तर घाबरू नका, वर चेक-इनच्या हॉलमधून पलीकडे जाता येतं. मध्ये कस्टम्सचा दरवाजा आहे, बस्स.

स्विस बाजूला बाहेर आलात की ५० नंबरची बस थेट बाझेल एसबीबी या मुख्य रेल्वे स्टेशनला नेते, साधारण वीस मिनिटांत. टॅक्सीची गरज नाही. पहिले काही दिवस हॉटेलात राहणार असाल तर बुकिंगचा कागद हाताशी ठेवा, येण्याच्या दिवशी हॉटेलपर्यंत तोच तिकीट म्हणून चालतो. रेल्वेचे रूळ विमानतळाच्या अगदी जवळून जातात, पण स्टेशन नाही. का नाही, हे विचारू नका, इथली माणसं त्यावर तासभर बोलू शकतात.

फोनचं एका ओळीत: तुम्ही फ्रान्समध्ये उभे आहात, स्विस सिमला तिथे रोमिंग लागू शकतं, तेव्हा बसमध्ये बसेपर्यंत डेटा बंद.

आता भाड्याची गाडी. हे दोनदा वाचा.

गाडी भाड्याने देणाऱ्यांचे काउंटर दोन्ही बाजूंना आहेत आणि फ्रेंच बाजूचा दर बहुतेक वेळा कमी दिसतो. आपली माणसं दर बघतात, बाजू बघत नाहीत. फ्रेंच बाजूच्या गाडीला फ्रेंच नंबर असतो आणि तिच्यावर स्विस मोटरवेचं ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर, सहसा नसतं. शिवाय एकदा तुम्ही स्वित्झर्लंडचे रहिवासी झालात की परदेशी नंबराची गाडी इथे चालवण्यावर कस्टम्सची बंधनं येतात. भाड्याच्या गाडीला सूट आहे, पण ती अटींवर. अटी वाचल्याशिवाय वाचलेल्या पैशांचा आनंद करू नका.

खरी गंमत गाडी परत करताना. स्विस बाजूची गाडी स्विस बाजूलाच परत द्यायची, आणि तिथे जाणारा रस्ता एकच: बाझेलमधून निघणारा, दोन्ही बाजूंना कुंपण असलेला कस्टम्सचा रस्ता. तो फ्रान्समधून जातो पण फ्रान्समध्ये कुठेच उघडत नाही. नेव्हिगेशनला नुसतं ‘युरोएअरपोर्ट’ सांगितलं की ते बिनधास्त फ्रेंच मोटरवेवरून, ए ३५ वरून, फ्रेंच बाजूला नेऊन सोडतं. आमच्या ओळखीचं एक जोडपं जर्मनीत फिरून आलं, मुंबईच्या प्रवासासाठी पुढचं विमान गाठायचं होतं, आणि असंच फ्रेंच पार्किंगमध्ये पोहोचलं. नवरा किल्ली घेऊन चालत पलीकडे स्विस काउंटरवर गेला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, गाडी कुठे आहे? हा म्हणाला, खाली. कुठल्या खाली? तेव्हा त्याला कळलं. गाडी बाहेर काढून, बाझेलमध्ये शिरून, कुंपणाच्या रस्त्याने पुन्हा यायला वेळ नव्हता. ती तिथेच सोडावी लागली. पुढे कंपनीने गाडी पलीकडे आणण्याचा खर्च आणि दंड असं जे बिल पाठवलं, त्यात सबंध सहलीचं भाडं निघालं असतं.

तेव्हा गाडी घेतानाच विचारा, स्विस सेक्टर की फ्रेंच सेक्टर, आणि उत्तर करारावर लिहिलेलं बघा. परत येताना स्विस सेक्टरसाठी आधी बाझेल शहर, मग कानेनफेल्डच्या बाजूने विमानतळाच्या पाट्या. नेव्हिगेशन बंद ठेवलंत तरी चालेल. घरी येणाऱ्या पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला जातानाही हेच लागू, नाहीतर तुम्ही कुंपणाच्या एका बाजूला आणि सासूबाई दुसऱ्या बाजूला.

सासूबाईंवरून आठवलं: तूप. इस्तंबूलमार्गे थेट युरोएअरपोर्टला येणारे पुष्कळ आईवडील असतात आणि त्यांच्या बॅगेत तूप, पेढे, खवा असतोच. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. फ्रान्समध्येही आणि स्वित्झर्लंडमध्येही. इथल्या मराठी ग्रुपवर एक हुशार सल्ला फिरत असतो की फ्रेंच दरवाज्याने बाहेर पडा, तिकडे कुणी बघत नाही. हा सल्ला देणारे स्वतः कधी पकडले गेलेले नसतात, एवढंच. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नाही; ताज्या फळांना आणि पाल्याला प्रमाणपत्र लागतं, सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांनाच. मसाले, पापड, लोणचं, चकली खुशाल आणा. भेटवस्तू आणि नवीन खरेदी मिळून माणशी १५० फ्रँकपर्यंत माफ आहे. ही मर्यादा २०२५ च्या आधी ३०० होती, जुन्या लोकांकडून जुना आकडा ऐकाल. मर्यादा ओलांडली तर कर वरच्या फरकावर नाही, पूर्ण रकमेवर. सीमेपलीकडे जर्मनीतल्या वाइल आम राइनला आठ नंबरच्या ट्रामने किराणा आणायला जाल तेव्हाही हाच हिशेब. घरातलं वापरलेलं सामान कार्गोने येत असेल तर १८.४४ नंबरचा फॉर्म भरा, त्यावर कर लागत नाही.

आणखी एक आवडता सल्ला, जो ऐकून नवे लोक फसतात: ‘सेंट लुईला राहा, भाडं कमी, विमानतळ शेजारी, ट्रामने कामावर.’ फ्रेंच माणसाला हे जमतं. भारतीय पासपोर्टवर नाही. सीमेपलीकडे राहून इथे काम करायचं ‘जी’ (G) परमिट आपल्याला मिळायचं तर शेजारच्या देशात कायमच्या वास्तव्याचा हक्क लागतो आणि सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. नुकत्याच आलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. घर बाझेलमध्येच किंवा आसपासच्या स्विस गावात बघा, आणि आल्यापासून १४ दिवसांत, काम सुरू करायच्या आधी, नोंदणी करा.

शेवटचं विमानांबद्दल. इथलं हवाई वाहतूक नियंत्रण फ्रेंचांकडे आहे, त्यामुळे फ्रेंच कंट्रोलर संपावर गेले की बाझेलची विमानंही रद्द होतात, तुम्ही कितीही स्विस दरवाज्याने आत गेलेले असा. स्विस सहकारी यावर खांदे उडवतात, फ्रेंच सहकारी संपाचं कारण समजावून सांगतात. इझीजेटने बाझेलहून लंडन आणि तिथून वेगळ्या तिकिटावर मुंबई, असं स्वस्तातलं गणित भारताच्या प्रवासाला मांडू नका. एक विमान चुकलं की दुसऱ्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि लंडन शेंगेनच्या बाहेर आहे. आईवडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिथून परत येता येणार नाही. भारतासाठी झुरिक किंवा फ्रँकफर्टहून एका तिकिटावर जा. ट्रेन बाझेलहूनच मिळते.